सबळांची पाठ

सहकारी संघ दुर्बळ संस्थांमुळे मोडतात, असा एक सोयीचा समज आपल्या सुशिक्षितांत रूढ आहे. तो मला मुळातच अमान्य आहे. दुर्बळ संस्था संघ सोडीत नाही. सोडून ती जाणार तरी कोठे? संघाकडे पाठ फिरवितात त्या सबळ संस्था, आणि निघताना त्या आपल्या भरभराटीचा अर्धाच हिशेब मांडतात.

स्पेनच्या बास्क प्रदेशातील मोंद्रागोनचा इतिहास या दृष्टीने मननीय आहे. 1941 साली तेथे आलेल्या फादर होसे मारिया आरिझमेंदिअरिएता या तरुण धर्मगुरूंनी 1943 मध्ये तंत्रशाळा काढली. त्यांच्या पाच विद्यार्थ्यांनी 1956 मध्ये पहिला सहकारी कारखाना उभारला. 1959 मध्ये सहकारी बँक निघाली. पुढे कारखाने वाढले. नफ्याचा काही भाग एकत्र ठेवायचा आणि एकाकडचे काम घटले तर त्याच्या कामगाराला दुसऱ्याने सामावून घ्यायचे, अशी रीत पडली.

या रीतीची कसोटी 2013 मध्ये लागली. त्या पहिल्या कारखान्यातून वाढलेली, घरगुती यंत्रे बनविणारी फागोर कंपनी बुडाली. संघाने तिला अनेकदा पैसा पुरविला होता. अखेरीस हात आखडता घेतला. कंपनी वाचली नाही, पण तिचे बहुसंख्य सभासद-कामगार रस्त्यावर आले नाहीत. कोणाला दुसऱ्या कारखान्यात काम मिळाले, कोणाला मुदतपूर्व निवृत्ती.

बसगाड्या बांधणारी इरिझार मात्र 2008 मध्येच बाहेर पडली होती. डिसेंबर 2022 मध्ये लिफ्ट बनविणारी ओरोना आणि उल्मा या दोन मोठ्या संस्थांच्या सभासदांनीही प्रचंड बहुमताने संघ सोडला. त्यांना अधिक स्वायत्तता देणारा सैल करार हवा होता. संघाने तो मान्य केला नाही.

स्वायत्ततेची मागणी गैर आहे काय? मुळीच नाही. खालच्या घटकाला जे स्वतः साधते ते वरच्याने हिरावून घेऊ नये, हे तत्त्व पोप अकरावे पायस यांनी 1931 मध्येच स्पष्ट केले होते. हुकूम धाडणारे पण हिशेब न देणारे मध्यवर्ती कार्यालय स्वतःच्या हातांनी सभासद घालवते. परंतु त्याच सामाजिक शिकवणुकीचे दुसरे अंग म्हणजे परस्परांचा भार वाहणे. पहिले तत्त्व घेऊन दुसरे उंबरठ्यावर टाकून जाता येत नाही. हक्कासाठी भांडावे, पण घरात राहून.

बाहेर पडलेल्या संस्था आजही सहकारीच आहेत, हे कोणी सांगेल. खरे आहे. माझा आक्षेप नेमका तेथेच आहे: बंधुत्व कारखान्याच्या फाटकापाशी संपते काय? मतदान होते तेव्हा हाती भरपूर काम असते. उद्या ज्याला या संस्थेच्या आधाराची गरज पडेल, त्या दुसऱ्या कारखान्यातील कामगाराला तेथे मत नसते.

म्हणून संघांनी दोन गोष्टी कराव्यात. निर्णय कामाच्या जवळ न्यावेत, आणि कोणी कोणाला केव्हा हात दिला याची नोंद नव्या पिढीपुढे दरवर्षी वाचावी. जो आज देतो आहे, त्याने पूर्वी घेतलेही होते, हे विसरल्यावरच संघ नकोसा वाटू लागतो.