डोहाळजेवणाला उशीर झाला

‘दोन जिवांची आहेस, दोघांचं खा’ म्हणणाऱ्या घरातच ‘फार खाऊ नकोस, बाळ मोठं झालं तर बाळंतपण जड जाईल’ असंही बजावलं जातं. पहिला सल्ला निदान प्रेमळ तरी आहे, पण हिशेबात चुकतो. गर्भारपणी आयसीएमआरच्या शिफारशीप्रमाणे रोज साधारण ३५० कॅलरीच वाढीव लागतात; एखादी भाकरी, वाटीभर डाळ आणि कपभर दूध, झालं. दुसरा सल्ला मात्र सरळ घातक आहे. आईला अर्धपोटी ठेवून बाळंतपण सोपं होत नाही, बाळ तेवढं कमी वजनाचं होण्याची भीती वाढते.

मग ठेवणीतला मुद्दा येतो: ‘आमच्या वेळी कुठे होत्या गोळ्या? आमची पोरं झालीच ना?’ झाली. ज्यांची झाली नाहीत किंवा ज्या स्वतःच उरल्या नाहीत, त्या हे सांगायला येत नाहीत, एवढंच. शिवाय यातल्या एका गोळीचं मूळ मुंबईतच आहे. १९२८मध्ये ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर इथे आल्या, त्या गरोदर बायकांमधल्या जीवघेण्या रक्तक्षयाचं कारण शोधायला. यीस्टपासून केलेलं मार्माईट चारल्यावर या बायका सुधारतात, हे त्यांनी दाखवलं. त्यामागचं द्रव्य म्हणजेच पुढे ओळखलं गेलेलं फॉलिक ॲसिड.

आता खरा वाद वेळेचा. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतो, ती गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. कित्येकींना अजून पत्ताही नसतो. म्हणून ही नळी नीट मिटायला लागणारी फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी गर्भधारणेच्या निदान महिनाभर आधी सुरू करायची. आपण ओटी भरतो, हिरवी साडी नेसवतो, पंचपक्वान्नं वाढतो ती सातव्या महिन्यात! कौतुक जरूर करा, पण त्याला पोषण म्हणू नका.

मुंबईच्या झोपडवस्त्यांत एक प्रयोग झाला. पालेभाजी, फळं आणि दूध घालून केलेला खाऊ बायकांना गर्भधारणेच्या आधीपासून रोज दिला. सगळ्यांचा एकत्र हिशेब केला तर बाळांच्या वजनात ठळक फरक दिसला नाही. ज्यांनी तीन महिने आधीपासून खाल्ला, त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमनं जड निघाली. आकडा लहान आहे, कबूल. पण तो कोणत्या बाजूला बोट दाखवतो ते बघा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या निम्म्याहून अधिक गर्भवतींना रक्तक्षय आढळला. लोहाची लाल गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. घरी ती चहाच्या घोटाबरोबर गिळली जाते आणि चहा तिच्यातलं लोह अंगी लागू देत नाही. लिंबूपाण्यासोबत घ्या, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. आणि घरात सगळ्यांत शेवटी, उरलंसुरलं जेवणारीला नुसती गोळी किती पुरणार?

सरकारचंही घरच्यासारखंच. राज्याच्या आदिवासी भागात २०१५पासून ‘अमृत आहार’ योजनेत अंगणवाडीत एक वेळचं गरम जेवण मिळतं. योजना चांगलीच आहे, पण पान वाढलं जातं ते गरोदर राहिल्यावर. नव्यानं लग्न झालेल्या पोरीचं नाव त्या यादीत घालायला काय हरकत आहे?