पाताळगंगेवरचा पाडा

दांडफाट्यावर रिक्षावाला हाक देतो, ‘दोन मोहोपाडा, दोन!’ गावं दोन नाहीत, जागा दोन उरल्यात, हे पहिलीतल्या पोरालाही कळतं. मोहोपाड्यात कुणाच्या घरी विचारावं, मुलगा कुठे असतो? ‘पाताळगंगेला. आज सेकंड शिफ्ट.’ ऐकणारा नदीकडे बघत नाही. त्याच्या डोळ्यांपुढे औद्योगिक वसाहत येते.

असा सरकलेला अर्थ न शिकवता कळणारी हीच मुलं वरच्या वर्गांत पोचली की त्यांच्यापुढे प्रश्न येतो, ‘अलंकार ओळखा.’ ‘जणू’ दिसलं की उत्प्रेक्षा, ‘सारखा’ दिसला की उपमा. खुणेचा शब्द पाठ असला की गुण पडतात, ओळ कळली नसली तरी. आम्हांला हा मुलांवर अन्याय वाटतो.

ओळ कळते कशी? अकराव्या शतकात काव्यशास्त्रकार मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त शब्दशक्ती, म्हणजे शब्द अर्थ कसा देतो ते, समजावताना जे जुनं उदाहरण घेतलं, ते गंगेवरच्या गवळीपाड्याचं आहे. प्रवाहावर पाडा वसत नाही. सरळ अर्थ अडतो आणि शेजारच्या काठावर सरकतो, ही लक्षणा. मग ‘गंगेच्या काठावर’ असंच का म्हणू नये? कारण ‘गंगेवर’ म्हणताच तिचा गारवा, तिचं पावित्र्य त्या पाड्याला लागतं. ‘काठावर’ म्हटलं की ते निसटतं. ही व्यंजना. कवितेचा जीव इथे असतो, आणि प्रश्नपत्रिका इथवर येतच नाही.

मोहोपाड्याच्या शाळेला तर उदाहरण शोधायलाही नको. नदी आहे, पाडा आहे. ‘पाताळगंगेवरचा पाडा’ म्हटल्यावर मनात काय येतं, एवढंच मुलांना विचारावं. कुणाला गणपती विसर्जन आठवेल, कुणाला आजोबांनी धरलेली मासळी, कुणाला कारखान्याचं सांडपाणी. त्या उत्तरांतून व्यंजना जेवढी कळेल, तेवढी कुठल्याही व्याख्येतून कळणार नाही.

एकाच शब्दाचा अर्थ संदर्भाने बदलतो, हेही इथल्या गावांच्या नावांत दिसतं. शेजारची रसायनी घ्या. आयुर्वेदाच्या आठ अंगांतलं ‘रसायन’ म्हातारपण लांबवणारं. 1960 मध्ये हिंदुस्तान ऑर्गॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली, तिचा कारखाना इथे उभा राहिला, आणि इथल्या माणसासाठी ‘रसायन’ म्हणजे टाकीतलं झालं.

आणि मोह? पाठ्यपुस्तकातला षड्रिपूंपैकी एक. चैत्रात पहाटे कातकरी बाया ज्याची फुलं वेचतात, तोही मोहच. गावाच्या पाटीवर यातला कुठला, हे शेजारचा ‘पाडा’ सांगतो.