हात लावू द्या, प्रयोग करू द्या!

आठवीच्या वर्गाचा विज्ञानाचा तास. चार-चार जणांचे गट पाडलेले. टेबलावर बॅटरी, तारा, बल्ब मांडून ठेवलेले. दोन मिनिटांत कामाची वाटणी होते. मुलगे तारा जोडू लागतात आणि गटातल्या मुलीला सांगितले जाते, "तुझं अक्षर छान आहे, तू वही लिही." वही सुरेख होते, आकृतीला पैकीच्या पैकी गुणही मिळतात, पण तार काही तिच्या हाती येत नाही. दहावीनंतर हीच मुलगी म्हणते, "ते मशीनबिशीन मला नाही जमायचं." आणि सायन्सची फी, लांबचे कॉलेज, संध्याकाळची प्रॅक्टिकल्स या काळजीत पडलेल्या घराला ते पटतेही!

'जमणार नाही' हा समज कोणी जन्मतः घेऊन येत नाही. तो असा रोज थोडा थोडा रुजवला जातो.

दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी कमला सोहोनी यांचेच उदाहरण घ्या. १९३३ मध्ये उत्तम गुणांनी बी.एस्सी. होऊनही बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांना प्रवेश नाकारला गेला. कारण एकच, त्या मुलगी होत्या. नकार देणारे होते नोबेल पारितोषिक विजेते सर सी. व्ही. रामन. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर एक वर्ष काम पाहून मग ठरवू, अशा अटीवर प्रवेश मिळाला. त्या वर्षात त्यांनी आपली योग्यता सिद्ध केली आणि पुढे १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. त्यांची जिद्द मोठीच; पण वडील स्वतः रसायनशास्त्र शिकलेले होते आणि संस्थेत श्रीनिवासय्यांसारखे कडक पण मनापासून शिकवणारे मार्गदर्शक लाभले, हेही विसरून चालणार नाही.

ज्या घरात विज्ञान शिकलेले कोणी नाही, त्या मुलीने काय करावे? तिच्यासाठी असे माणूस बाहेर शोधावे लागते. हरियाणातील कर्नालच्या कल्पना चावला यांनी हे ओळखले होते. अंतराळात जाऊन आल्यावर त्या आपल्या शाळेला विसरल्या नाहीत. १९९८ पासून त्या शाळेच्या विद्यार्थिनींना अमेरिकेतील ह्यूस्टन येथे उन्हाळी अंतराळ शिबिराला जाण्याची संधी त्यांच्यामुळे मिळू लागली. आपल्याच बाकावर बसून गेलेली ताई तिथवर पोहोचली, हे पाहिल्यावर मुलींना वेगळा उपदेश कशाला हवा?

प्रत्येक गावात अंतराळवीर कोठून आणणार, असे कोणी म्हणेल. त्याची गरजही नाही. पॅथॉलॉजी लॅबमधल्या ताई, वीज मंडळातल्या इंजिनिअर, कृषी अधिकारी, कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या बाई अशा कोणी ना कोणी जवळपास असतातच. शाळेच्या विज्ञान मंडळाने महिन्यातून एकदा त्यांना बोलवावे. भाषणापेक्षा त्यांनी आपले काम दाखवावे आणि मुलींच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत. 'घरी विरोध झाला का?' हा प्रश्नही मुलींना मोकळेपणाने विचारता यावा.

मंडळ चालवताना तीन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, गटातली कामे दर वेळी बदलावीत. आज वही लिहिणारी उद्या तारा जोडील. दुसरी, मंडळ शक्यतो शाळेच्या वेळेतच भरवावे, म्हणजे अंधार पडल्यावर घरी जाण्याचा प्रश्न उरत नाही. तिसरी, प्रयोग फसला तर हसू नये. का फसला ते शोधायला लावावे.

सरकारी योजनाही आहेत. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २०१९ मध्ये नववी ते बारावीच्या मुलींसाठी 'विज्ञान ज्योती' उपक्रम सुरू केला. आय.आय.टी.मध्ये २०१८ पासून मुलींसाठी जादा जागा ठेवण्यात आल्या. पण तिथपर्यंत पोहोचायचे तर सुरुवात घरातूनच हवी. कुकरमध्ये डाळ लवकर का शिजते, हे तिला विचारा. सायकलचे पंक्चर काढताना भावाबरोबर तिलाही बसवा. शिलाई मशीन अडले तर ते आधी तिला उघडून पाहू द्या.

हात काळे होतील, एखादा स्क्रू हरवेलही. पण 'मला नाही जमायचं' म्हणण्याआधी तिने एकदा करून पाहिलेले असेल.