‘खंडणी’ या शब्दाची अवनती

ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या क्षेत्रात कल्याण, डोंबिवली, भिवंडी आणि उल्हासनगर ही शहरे येतात आणि या आयुक्तालयात ‘खंडणी विरोधी पथक’ या नावाची स्वतंत्र शाखा आहे. एखाद्या अपराधासाठी स्वतंत्र पथक उभारावे लागणे ही त्या अपराधाच्या व्याप्तीची शासनाने दिलेली कबुलीच होय. दंडसंहितेच्या मराठी पाठात मात्र या अपराधाचे नाव वेगळे आहे. तेथे त्याला ‘बलाद्ग्रहण’ म्हटले आहे, बळाने घेणे. इतका स्वच्छ शब्द न्यायालयाबाहेर कोणी उच्चारीत नाही. बाजारात, वृत्तपत्रात आणि पोलीस चौकीत चालतो तो ‘खंडणी’ हाच शब्द, आणि या शब्दाचे पूर्वायुष्य आजच्या इतके हीन नव्हते.

‘खंड्’ हा धातू तोडण्याचा. मराठीने त्यातून ‘खंडणे’ म्हणजे एकदाचे तोडून, ठरवून टाकणे असा अर्थ काढला. भाव खंडावा, मजुरी खंडून द्यावी. जमीन ‘खंडाने’ देणे म्हणजे पीक बुडो वा कणगी भरो, ठरले तेवढेच द्यावयाचे. नगर जिल्ह्यातील खंडकरी शेतकऱ्यांच्या नावात हाच खंड आहे. तात्पर्य, खंडणीच्या मुळाशी मर्यादा होती. रक्कम किती, मुदत कोणती आणि त्या बदल्यात काय मिळणार, हे आधी ठरलेले असे. मराठ्यांची चौथाई म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा, सरदेशमुखी म्हणजे दहावा. ठाण्याच्या उत्तरेस दमणचे पोर्तुगीज रामनगरच्या राजाला असा चौथा हिस्सा देत असत. १६७२ मध्ये रामनगर स्वराज्यात आल्यावर तोच हक्क शिवछत्रपतींनी पोर्तुगीजांकडे मागितला. १७५१ मध्ये अलीवर्दी खानाने नागपूरकर भोसल्यांना बंगालच्या चौथाईपोटी वर्षाला बारा लाख रुपये देण्याचे मान्य केले आणि त्यानंतर भोसल्यांच्या स्वाऱ्या थांबल्या. त्या तहापूर्वीच्या दहा वर्षांत बंगालच्या खेड्यांनी जे सोसले, ते तेथील अंगाईगीतांतून ‘बर्गी’ या नावाने आजवर टिकून आहे. मराठी वाचकाने ही बाजूही नाकारू नये. तरीही ती राज्याराज्यांमधील व्यवस्था होती. तिला दप्तर होते, सनद होती, तहनामा होता. गल्लीतील चार टोळभैरवांच्या मागणीला तोच शब्द लावणे म्हणजे नकळत त्यांना मांडलिकत्व देणाऱ्या सत्तेचा दर्जा बहाल करणे आहे.

‘हप्ता’ या शब्दाची कथा अधिक चमत्कारिक. फारसीत ‘हफ्त’ म्हणजे सात आणि ‘हफ्ता’ म्हणजे सात दिवसांचा गट. संस्कृतातील ‘स’चा तेथे ‘ह’ होतो. सिंधूचा हिंदू झाला तो याच नियमाने. म्हणजे सप्ताह आणि हप्ता हे सख्खे भाऊ ठरतात, आणि गावोगावचा हरिनाम सप्ताह व रेल्वे स्थानकाबाहेरच्या फेरीवाल्याकडून उकळला जाणारा हप्ता एकाच कुळातले निघतात! डोंबिवलीकर नोकरदार महिन्याच्या आरंभी घरकर्जाचाही हप्ताच भरतो. बँकेच्या कायदेशीर वसुलीचा शब्द गुंडाच्या वसुलीलाही चालतो, तेव्हा देणाऱ्याच्या मनातली चीड हळूहळू बोथट होते. हाही एक खर्च, असे तो मानू लागतो.

कायद्याने केलेला भेद येथे लक्षात घेण्याजोगा आहे. चोरी होते ती मालकाच्या संमतीवाचून. बलाद्ग्रहणात मालक स्वतःच्या हाताने देतो, कारण त्याच्या मनात भय घातलेले असते. या ‘स्वतःच्या हाताने’ देण्यातच अपराध्याची सोय आहे. चोरी झालेला मनुष्य आरडाओरडा करतो, खंडणी दिलेला मनुष्य गप्प बसतो. त्याला भीतीपेक्षाही लाज अधिक वाटते. १८६० च्या दंडसंहितेत या अपराधाला साधारणतः तीन वर्षांपर्यंतची शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ ने ती सात वर्षांपर्यंत नेली. पण तक्रारदारच पुढे येणार नसेल, तर वाढलेली शिक्षा कोणाला होणार? ज्या फेरीवाल्यापाशी २०१४ च्या कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्रच नाही, तो पोलिसांकडे कोणत्या तोंडाने जाईल? त्याचे तेथे उभे राहणेच नियमबाह्य आणि ते नियमबाह्य राहण्यातच वसुली करणाऱ्याचा लाभ. अनधिकृत बांधकामांच्या बाबतीत कल्याण-डोंबिवलीचा अनुभव याहून निराळा नाही. व्यवहार जितका अंधारातला, तितका दंडेलीला वाव अधिक.

सक्तीला गोड नाव देण्याची कला मात्र आजची नाही. कौटिल्याने कोश रिता झाल्यावर प्रजेकडून घ्यावयाच्या जादा वसुलीला ‘प्रणय’ म्हटले आहे. प्रेमाने मागितलेले! अर्थात असे मागणे एकदाच करावे, दुसऱ्यांदा नाही, अशी अटही त्याने घातली. इ.स. १५० च्या गिरनार लेखात रुद्रदामन सांगतो, की सुदर्शन तलावाचा फुटलेला बांध त्याने कर, विष्टि आणि प्रणय यांनी नागरिकांना न पीडता स्वतःच्या कोशातून बांधला. त्या लेखातील त्याच्या प्रदेशांत अपरान्त, म्हणजे ठाणे-कल्याणचा हा किनाराही आहे. विष्टि म्हणजे सक्तीचे फुकट श्रम. मराठीतील ‘वेठ’ तिच्यातूनच आली.

आणि आता थोडे घरातले बोलणे भाग आहे. सार्वजनिक उत्सवाच्या दिवसांत दुकानदाराच्या हाती पडणारी पावती पुष्कळदा आधीच भरलेली असते. नाव त्याचे, आकडा मंडळाचा. जुन्या मराठीत याला ‘खंडून आणलेली रक्कम’ असेच म्हटले असते. देवाच्या नावे आहे म्हणून त्या आकड्यामागचे भय पवित्र होत नाही. उलट विघ्नहर्त्याच्या नावाने विघ्नाचा धाक घातला जातो, ही विटंबना अधिक. अशा उत्सवासाठी निधी गोळा करण्यास धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी लागते, हे अनेक कार्यकर्त्यांना ठाऊक नसते आणि ज्यांना ठाऊक असते ते सांगत नाहीत. याच डोंबिवलीत १९९९ पासून गुढीपाडव्याची स्वागतयात्रा निघते. तिच्यात हजारोंनी सामील होणाऱ्यांना कोणी धाकाने बाहेर काढलेले नसते.

कान्हेरीच्या लेण्यांतील लेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची आणि कारागिरांची दाने कोरलेली आहेत. कोणी पाण्याचे टाके दिले, कोणी वाट. तेथील शब्द आहे ‘देयधर्म’. दोन सहस्रकांपूर्वीचा कल्याणकर न मागता देत होता आणि नावानिशी देत होता. येत्या भाद्रपदात एखाद्या मंडळाने पावतीपुस्तकातील रकमेची जागा कोरी ठेवून दारोदार जावे, आणि काय जमते ते फलकावर लिहून लावावे.