पट्टा ज्याच्या हाती, पाप त्याच्या माथी

एप्रिल लागला की बेळगावात एक वाक्य हमखास कानावर येते, ‘आमच्याकडे कुठे एवढे ऊन? ऊन बघायचे तर विजापूरला जा!’ खरे आहे. गाव आपले थंड हवेचे म्हणून ओळखले जाते, आणि त्याचा आपल्याला अभिमानही आहे. पण याच अभिमानाच्या भरवशावर भर दुपारी साडेतीन-चारला कुत्र्याच्या गळ्यात पट्टा अडकवून फिरायला निघणारी माणसे मी रोज बघते. स्वतःच्या पायात जाड तळाचे बूट, डोक्यावर टोपी, हातात मोबाईल. आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला एक मुका जीव, चारही पाय उघडे. त्यांना मला एवढेच विचारायचे आहे की हवा बरी आहे हे कळले, पण रस्त्याचे काय?

हवेचा आकडा आणि डांबराचा आकडा एक नसतो. मोबाईलवर 31 अंश दिसत असताना उन्हात पडलेले डांबर 60 अंशांच्या पुढे गेलेले असू शकते. काळा रंग, वरून सूर्य, खाली खडी. दिवसभर ते तापत राहते आणि सूर्य मावळला तरी लगेच निवत नाही. 60 अंशांच्या पाण्यात माणसाचे बोट घातले तर काही सेकंदांत भाजते. आणि बेळगावातसुद्धा एप्रिलमध्ये पारा 35च्या पुढे जातोच. मग त्या वेळी रस्ता किती तापत असेल, याचा हिशेब घरी बसून करा.

त्यात आपल्या रस्त्यांवर पूर्वीची झाडे राहिली नाहीत. मातीची कड गेली, गवताची पट्टी गेली. 2016 साली स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत आपले नाव आले, मग फूटपाथवर फरश्या आणि पेव्हर बसले. दिसायला छान आहे, मी नाही म्हणत नाही. पण पूर्वी कुत्रे कडेच्या मातीत उतरायचे, आता उतरणार कुठे?

हे सगळे मी शेजारी बोलून पाहिले. उत्तर ठरलेले. ‘अक्का, त्याला सवय आहे हो. कुत्र्याचे तळवे म्हणजे चामडेच की!’

चामडे आहे, पण जिवंत आहे. त्यात रक्त आहे, शिरा आहेत. तव्याला टेकले की तेही भाजते. फोड येतात, साल निघते, तळवा काळसर पडतो. कुत्रे पाय उचलून उचलून चालते, मध्येच बसते, घरी आले की तळवे चाटत राहते. आणि आपण म्हणतो, ‘आज नाटकं करतोय.’ शिवाय त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तळव्यांतून थोडासा येतो तेवढाच; बाकी सगळी भिस्त जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर. त्याचे पोट रस्त्यापासून वीतभर-हातभर उंचीवर, म्हणजे खालची धग थेट अंगावर. आणि हल्ली हौस कसली? नकटा पग, नकटा बुलडॉग, नाहीतर बर्फाळ मुलखातला झुबकेदार हस्की. नकट्याला धड धाप टाकता येत नाही, हस्कीच्या अंगावर देवाने दिलेला कोट. आपल्याच भागातला मुधोळचा कुत्रा, आखूड केसांचा, सडसडीत, इथल्या हवेत मुरलेला. तो मात्र कुणाला नको असतो. आणि तळवे तर त्याचेही उघडेच.

दुसरे उत्तर असते, ‘मग रस्त्यावरची कुत्री जगतात ना?’ जगतात. पण ती दुपारी काय करतात ते कधी पाहिले का? दोन वाजता डांबराच्या मधोमध रमतगमत चाललेले मोकळे कुत्रे मला दाखवा. ते उभ्या गाडीखाली पडलेले असते, गटाराच्या ओल्या कडेला असते, दुकानाच्या पायरीखाली सावलीचा तुकडा शोधून असते. ऊन कलले की उठते. त्याला कोणी शिकवले नाही, त्याला पंचांग लागत नाही. त्याच्या गळ्यात दोरी नाही म्हणून त्याचे पाय शाबूत आहेत. ज्याला आपण नावाने हाक मारतो, ज्याचा वाढदिवस करतो, तेच तेवढे तापल्या रस्त्यावर चालते. कारण ते बांधलेले आहे, आणि त्याहून मोठे कारण म्हणजे त्याचा आपल्यावर विश्वास आहे.

गंमत अशी की ओझ्याच्या जनावरांचा विचार सरकारने फार पूर्वी केला. 1960 साली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्ध कायदा झाला. जनावर ज्याच्या ताब्यात, त्याने त्याला विनाकारण वेदना होऊ देऊ नयेत, ही जबाबदारी त्यात स्पष्ट आहे. 1965च्या नियमांत तर असे आहे की जिथे पारा 37 अंशांच्या वर जातो, तिथे दुपारी 12 ते 3 या वेळात बैल-गाढवांना ओझ्याला, गाडीला जुंपायचे नाही. माणसांचेही तसेच. विजापूर, बागलकोट, कलबुर्गीकडे अनेक उन्हाळ्यांत सरकारी कचेऱ्या सकाळी आठला उघडून दीडला बंद होतात. बैलाला सुट्टी, कारकुनाला सुट्टी. लाडक्या कुत्र्याला मात्र ‘चल, जरा पाय मोकळे करू.’ कोणाचे पाय?

आता आपल्या घरचे बोलते, कारण हे मी मुख्यतः आपल्याच बायकांसाठी लिहिते आहे. पूर्वी आपल्या घरांत कुत्रे नसायचे. त्याला काय खाऊ घालायचे, हाच पहिला प्रश्न असे. आता मुले हट्ट धरतात, फ्लॅटमध्ये कुत्रे येते. येऊ दे. पण जीव घरात आला की त्याच्याबरोबर व्रतही घरात येते, हे विसरून चालणार नाही. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत पाठ केले आहेत. बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, झेपणार नाही एवढे ओझे लादणे, खाणेपिणे रोखणे. पहिलाच शब्द बघा, बांधणे. ‘आम्ही कुठे मारतो त्याला?’ असे म्हणून सुटका नाही. पट्ट्याने बांधून तापल्या रस्त्यावरून ओढत नेणे हे कशात बसते, ते ज्याचे त्याने ठरवावे. आणि शास्त्राने हिंसेचे मूळ द्वेषात नाही, प्रमादात सांगितले आहे. प्रमाद म्हणजे गाफीलपणा. मोबाईलकडे बघत चालणे याहून चांगले उदाहरण मला सुचत नाही.

आपले मुनी अनवाणी विहार करतात. ईर्यासमिती म्हणजे चार हात पुढची जमीन पाहून चालणे, पायाखाली जीव येऊ नये म्हणून. चार हात म्हणजे सहा फूट. कुत्र्याचा पट्टा साधारण तेवढाच असतो. तेवढ्या अंतरातला जीव ज्याला दिसत नाही, त्याने मुंगी वाचवल्याचे कौतुक कोणाला सांगावे? पाणी गाळून पिणारे, सूर्यास्तापूर्वी जेवणारे आपण. पण दुपारच्या रस्त्यावर आपली दया कुठे जाते?

आणि चटका म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. श्रवणबेळगोळला मे महिन्यात विंध्यगिरी चढलेल्या कुणालाही विचारा. चपला खाली ठेवायच्या, पायऱ्या खडकात कोरलेल्या. उशिरा निघाले की उतरताना एका पायावरून दुसऱ्या पायावर नाच सुरू. म्हणून आपण पहाटे चढतो, पायमोजे घालतो. बस्तीच्या अंगणात प्रदक्षिणेसाठी काथ्याच्या पट्ट्या अंथरतो. स्वतःसाठी एवढी अक्कल आहे, तर ती कुत्र्यासाठी वापरायला काय हरकत आहे?

शेवटी, कुत्र्याला नेते कोण तेही बघा. हौस मुलाची, पैसे साहेबांचे, आणि फिरवायचे काम घरातल्या बाईचे. तिला वेळ मिळतो तो दुपारी, भांडी आटोपली की. तिलाही नसला तर कामवालीच्या हातात पट्टा. तिच्या पायात झिजलेली स्लिपर, तिला ‘आत्ता नको’ म्हणायची सोय नाही. म्हणजे बांधलेले जीव दोन झाले. कुत्रे ज्याने आणले त्याने पहाटे उठावे. सातच्या आत फिरवून आणावे, नाहीतर रात्री आठनंतर न्यावे. ‘ऑफिस असते’ हे कारण मी ऐकणार नाही. ऑफिस कुत्रे आणायच्या आधीही होतेच.

मधे लघवीला न्यायचे झाले तर जवळचे झाड, जवळची माती, पाच मिनिटांत परत. निघण्याआधी हाताची पालथी बाजू रस्त्यावर टेकवून सात आकडे मोजा. हात काढावासा वाटला तर घरात फिरा. कुत्र्याचे बूट मिळतात, पण त्याने तळवे वाचतील. धाप आणि अंगाची काहिली वाचणार नाही. तळवा भाजलाच तर सावलीत आणून साधे गार पाणी घाला, बर्फ नको. हळद-तेल, टूथपेस्ट लावू नका, ते चाटेल. सरळ डॉक्टरकडे न्या.

मुलांना हे सांगायला लाजू नका, नवऱ्यालाही नाही. शेजारणीला सांगताना वाईटपणा येईल, येऊ दे. आपल्या एका शब्दाने एखाद्या पायाचा फोड टळत असेल, तर तेवढा वाईटपणा स्वस्तच आहे. कुत्रे स्वतः कधीच सांगणार नाही. आपण दार उघडले की ते शेपूट हलवत बाहेर पडणारच, रस्ता कसाही असो. म्हणून दार कधी उघडायचे, हे आपल्यालाच ठरवावे लागते.