पडदा हवा, कुलूपही हवे
(द्वितीय वर्ष, कला)

"तू बी.ए.चा विद्यार्थी. तुला सर्व्हरच्या भानगडी कशाला?" असा प्रश्न मला या वर्षी अनेकांनी विचारला. त्याचे उत्तर येथे द्यावेसे वाटते.

आमच्या मराठी विभागाने जुने वार्षिक अंक संगणकावर उतरवायला घेतले. त्यासाठी ग्रंथालयातला एक जुना संगणक मिळाला. त्याला ना पडदा, ना कळफलक. युनिक्सच्या घराण्यातली लिनक्स प्रणाली घातलेला हा डबा कपाटावर बसून मुकाट्याने काम करतो. त्याच्याशी बोलायचे ते दुसऱ्या संगणकावरून, एसएसएचमार्फत, आज्ञा टाईप करून. १९९५ साली फिनलंडच्या तातू युलोनेन यांनी ही सोय निर्माण केली, ती दूरच्या यंत्राशी चाललेले बोलणे वाटेत कोणी ऐकू नये म्हणून.

जाणकार म्हणतात, एवढे पुरे. सर्व्हरला चित्रमय पडदा ही चैन आहे. हे मत मला अर्धेच पटते. इंग्रजीत काम करणाऱ्याला ते पुरत असेल. पण त्या काळ्या खिडकीत आमची जोडाक्षरे बऱ्याचदा फुटतात, वेलांट्या भलत्याच जागी बसतात. मग मुद्रितशोधन करायचे कसे? मराठी नीट वाचता येणे ही चैन नव्हे, गरज आहे! म्हणून मी त्यावर एक हलका डेस्कटॉप आणि व्हीएनसी बसवले. आता सर्व्हर आपल्या स्मृतीतच पडदा रंगवतो आणि त्याचे चित्र माझ्याकडे पाठवतो.

येथेच माझी चूक झाली. पडदा दिसल्याच्या आनंदात व्हीएनसीचे ५९०१ क्रमांकाचे दार मी कॉलेजच्या साऱ्या जाळ्याला आठ दिवस उघडे ठेवले. पासवर्ड होता, हे खरे. पण व्हीएनसीच्या जुन्या पद्धतीत पासवर्डची पहिली आठच अक्षरे धरली जातात, आणि पुढची सारी देवघेव उघड्यावरूनच चालते. सुदैवाने नुकसान झाले नाही. माझे वडील रात्रपाळीचे पहारेकरी, शिक्षण चौथीपर्यंत. त्यांना हे सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "चोरी झाली नाही म्हणून कुलूप लावलं होतं, असं होतं का रे?"

दुसऱ्याच दिवशी मी व्हीएनसीला ताकीद दिली, की जोडणी फक्त सर्व्हरच्या आतूनच घ्यायची. मग माझ्या संगणकाचे ५९०१ एसएसएचच्या बोगद्यातून तिथल्या ५९०१ शी जोडले. बाहेरून उघडे राहिले ते एकट्या एसएसएचचे २२ क्रमांकाचे दार, तेही पासवर्डाने नव्हे, किल्लीने उघडणारे. काम संपले की डेस्कटॉप बंद करायचा, हा नियमही घालून घेतला.

मित्रहो, हे जमले ते आज्ञा शिकल्यामुळेच. विज्ञान शाखेतल्या एखाद्या मित्राकडून हे करून घेता आले असते. पण मग किल्ली त्याच्याच खिशात राहिली असती. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढले नाही. दुसऱ्यांची दारे राखण्यात वडिलांचे आयुष्य गेले. आपल्या भाषेच्या ठेव्याचे दार तरी आपले आपण राखायला शिकावे, एवढेच माझे म्हणणे आहे.