किल्ल्यावर हेलिकॉप्टर चालत होतं

आधी एक कबुली देतो. दोन वर्षांपूर्वी आपल्या दिवाळीच्या कार्यक्रमातल्या किल्ले स्पर्धेत एका अकरा वर्षांच्या मुलीचा किल्ला आम्ही परीक्षकांनी स्पर्धेबाहेर ठेवला. तीन परीक्षकांपैकी एक मी होतो. नियम स्पष्ट होता : किल्ला माती, दगड, पुठ्ठा किंवा कागदाच्या लगद्याचा असावा, आणि तो महाराष्ट्रातला ऐतिहासिक किल्ला असावा. तिचा किल्ला लेगोच्या विटांचा होता आणि तो होता हॉथ नावाच्या ग्रहावर, म्हणजे स्टार वॉर्समध्ये. आम्ही तिच्या टेबलापाशी जेमतेम मिनिटभर थांबलो असू. "छान आहे गं, पण हा किल्ला नाही, हे खेळणं आहे," असं तिला सांगणारा मीच. त्यानंतर ती स्पर्धेत आलेली नाही.

तो निकाल चुकला, आणि नियमही चुकीचा आहे, असं माझं आता मत झालं आहे. ते का, हे सांगण्यासाठी हा लेख. ज्यांच्या घरी मराठी वाचता न येणारी मुलं आहेत त्यांनी तो वाचून दाखवावा. त्यांच्या बाजूने कुणीतरी बोलतंय हे त्यांना कळू दे.

ज्यांनी मुलांबरोबर तो सिनेमा पाहिला, पण मध्येच डुलकी काढली (मीही त्यातलाच), त्यांच्यासाठी थोडक्यात. 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' हा १९८०चा चित्रपट. हॉथ हा बर्फाचा ग्रह. तिथे बर्फाच्या गुहांमध्ये बंडखोरांचा तळ आहे. साम्राज्याच्या फौजेला त्याचा पत्ता लागतो. चार पायांची अजस्र चिलखती यंत्रं चालून येतात. तळ वाचणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून मूठभर सैनिक खंदकात उभे राहून शत्रूला थोपवतात, आणि तेवढ्या वेळात बाकीच्यांची जहाजं एकेक करून निसटतात. निसटणाऱ्या जहाजाला वाट मोकळी व्हावी म्हणून तळावरून एक मोठी तोफ डागली जाते.

ऐकलेली वाटते ना ही गोष्ट? मला त्या दिवशी नाही वाटली. कार्यक्रमानंतर महिनाभराने फोटो चाळत होतो, तेव्हा तिच्या टेबलाच्या कोपऱ्यात ठेवलेलं एक कार्ड दिसलं. मोठं करून वाचलं. इंग्रजीत होतं, त्याचा अर्थ असा : हे पावनखिंडीसारखं आहे. बाकीचे सुखरूप पोहोचेपर्यंत खिंड सोडायची नाही.

जुलै १६६०. पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा, पावसाळी रात्र, महाराज विशाळगडाकडे निघालेले, मागे घोडखिंडीत बाजीप्रभू आणि बांदल मावळे, आणि सगळ्यांचे कान गडावरच्या तोफांकडे. रविवारच्या मराठी शाळेत आपणच त्या मुलीला ही गोष्ट सांगितली होती. तिने ती इतकी मनावर घेतली, की दुसऱ्या गोष्टीत भेटली तरी ओळखली. आणि आम्ही, तीन सुशिक्षित परीक्षक, माती आहे की नाही हे बघत होतो.

आता माझ्या स्वतःच्या किल्ल्यांविषयी. मी साताऱ्याचा. घरातून अजिंक्यतारा दिसायचा, त्यामुळे किल्ला कसा असतो हे पाहायला पुस्तकाची गरज नव्हती. तरी आमच्या अंगणातला किल्ला अजिंक्यताऱ्यासारखा कधीच झाला नाही. मोडक्या विटा, गोणपाट, चिखल. वर अळीव आणि मोहरी पेरायची, चार दिवसांत हिरवळ उगवायची. दवाखान्यातून मागून आणलेली सलाईनची नळी लावून कारंजं केलेलं. पायथ्याच्या गुहेत प्लॅस्टिकचा वाघ, आणि त्या वाघापेक्षा उंचीने लहान मावळा. गेरूने रंगवलेल्या रस्त्यावर माझ्या भावाची लाल मोटार. आणि सगळ्यात वर, महाराजांच्या सिंहासनाच्या मागे, हेलिकॉप्टर. ते ठेवायला ती एकच सपाट जागा होती.

तुमच्याही किल्ल्यावर असं काहीतरी होतं. नाही म्हणू नका. कुणाच्या तळ्यात आगबोट होती, कुणाच्या बुरुजाखालून आगगाडी जायची. त्याबद्दल आम्हाला कुणी स्पर्धेबाहेर काढलं नाही. शेजारचे काका येऊन गंभीरपणे बघायचे आणि विचारायचे, "चोरदरवाजा कुठाय?" घरात जे मिळेल त्यातून, मनात जे असेल ते उभं करणं, हीच तर त्या किल्ल्याची रीत होती. माती वापरायची कारण अंगणात माती होती. इथे नोव्हेंबरात माझ्या अंगणातली माती गोठायच्या बेतात असते, आणि मुलांच्या खोलीत विटांचे डबे असतात.

या विटांविषयी आपल्या पिढीचा एक गैरसमज आहे. आपण दुकानातला खोका बघतो. सूचनापुस्तिका उघडायची, पान एक ते पान दोनशे जोडत जायचं, शेवटी खोक्यावरच्या चित्रासारखं जहाज तयार. १९९९ साली लेगोने पहिल्यांदा बाहेरच्या गोष्टीचे हक्क घेऊन संच काढले, ते स्टार वॉर्सचे. त्यानंतर हे खोके वाढतच गेले. २०१७चा मिलेनियम फाल्कन ७५४१ तुकड्यांचा, बाजारात आला तेव्हा किंमत आठशे डॉलर. आपल्यातल्या बऱ्याच घरांत तो काचेच्या कपाटात धूळ खात आहे. माझ्याही. तो जोडायला मुलाला आणि मला तीन आठवडे लागले, मजा आली, हे खरं. पण त्यात आमचा स्वतःचा निर्णय एकही नव्हता.

त्या मुलीने केलं ते वेगळं. अशा रचनांना लेगोवेडे लोक 'माय ओन क्रिएशन', थोडक्यात एमओसी म्हणतात. कुणी पुस्तिका देत नाही. सिनेमा थांबवून थांबवून बघायचा, मापं काढायची, एक छोटा लेगोमाणूस चार विटांएवढा उंच, तर दरवाजा केवढा, तोफेचा गोल केवढा, याचं गणित करायचं आणि मग हातात असलेल्या तुकड्यांशी भांडायचं.

हे भांडण कसं असतं ते मला गेल्या वर्षी कळलं. शिकागोजवळ शॉमबर्गला जूनमध्ये 'ब्रिकवर्ल्ड' नावाचं प्रदर्शन भरतं, तिथे मुलाला घेऊन गेलो होतो. सहा तास गाडी चालवून, तोंड वाकडं करून. तिथे एका गृहस्थांनी स्वतः रचलेलं साम्राज्याचं जहाज मांडलं होतं, लांबी माझ्या जेवणाच्या टेबलापेक्षा जास्त. मी सहज विचारलं, "सगळ्या विटांची बटणं वरच्या बाजूला असतात, मग तुमची भिंत बाजूने इतकी गुळगुळीत कशी?" त्यांनी अर्धा तास दिला. विटा आडव्या लावतात म्हणे. आडवी वीट उभ्या विटांत नेमकी बसावी लागते, आणि ती बसते, कारण चपटी प्लेट ३.२ मिलीमीटर जाड आणि दोन बटणांमधलं अंतर ८ मिलीमीटर. पाच प्लेटा एकावर एक ठेवल्या की १६ मिलीमीटर, बरोबर दोन बटणांची रुंदी. एवढ्या एका मेळावर अर्धी कारागिरी उभी आहे. मग पोटातला सांगाडा. एवढं वजन नुसत्या विटा पेलत नाहीत. आत भोकांच्या लांब तुळया घालून, पिना ठोकून पिंजरा करावा लागतो, नाहीतर जहाज मधोमध वाकतं. मग रंग. लेगोने २००४च्या सुमारास राखाडी रंगाची छटाच बदलली, आणि स्टार वॉर्समध्ये तर बहुतेक सगळं राखाडी! जुना राखाडी आणि नवा राखाडी शेजारी आले की भिंतीला ठिगळ लावल्यासारखं दिसतं. ते गृहस्थ यावर इतक्या पोटतिडकीने बोलत होते, की मला आमच्या वाड्याला चुना देणारे गवंडी आठवले.

परत येताना मी तो फोटो पुन्हा काढून बघितला. तिच्याकडे पांढऱ्या विटा पुरेशा नव्हत्या. काही जुन्या, उन्हाने पिवळ्या पडलेल्या होत्या. त्या तिने वर लावल्या नव्हत्या. खंदकाच्या कडेला, जिथे पायांनी बर्फ मळतं, तिथे लावल्या होत्या. या गोष्टीला गुण देण्याची सोय आमच्या गुणपत्रिकेत नव्हती.

आणखी एक गंमत त्याच प्रदर्शनात कळली. १९७७चा पहिला चित्रपट करताना जॉर्ज लुकस यांच्या इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकमधल्या कारागिरांनी ती जहाजं कशी सजवली? बाजारात मिळणारे रणगाडे, विमानं, आगबोटी यांचे प्लॅस्टिकचे जोडखेळ विकत आणले, त्यांचे तुकडे सुटे केले आणि जहाजांच्या अंगावर चिकटवले. फाल्कनच्या पाठीवर जी नळ्या-खोबणींची गर्दी दिसते ती अशी आलेली. म्हणजे मूळ वस्तूच कुणाच्या तरी दुसऱ्या खेळण्याच्या तुकड्यांची. सलाईनच्या नळीचं कारंजं करणाऱ्याने यावर नाक मुरडू नये.

आता आक्षेप. समितीतल्या माझ्या मित्रांनी ते मला ऐकवले आहेत आणि ते फालतू नाहीत.

पहिला पैशाचा. विटा महाग आहेत. ज्याच्या घरी दहा डबे आहेत तो जिंकणार. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, म्हणून आकाराची मर्यादा घालू : ४८ बटणं बाय ४८ बटणांचा एक पाट, म्हणजे साधारण ३८ सेंटिमीटर चौरस, त्याबाहेर काही नाही. मंडळाने जुन्या विटांचा एक सामाईक डबाही ठेवावा. तुमच्या तळघरात, कॉलेजला गेलेल्या मुलांच्या खोल्यांमध्ये किती किलो विटा पडून आहेत याचा अंदाज घ्या जरा.

दुसरा, आपल्या संस्कृतीचा. "उद्या किल्ल्याऐवजी सगळे डार्थ व्हेडरच आणतील. मग ही दिवाळी कशाला म्हणायची?" भीती खरी आहे. ती गोष्ट शेवटी एका कंपनीच्या मालकीची आहे, २०१२पासून डिस्नेच्या. राजगड कुणाच्या मालकीचा नाही. हा फरक मी मुलाला सांगतो आणि सांगत राहीन. पण राजगड त्याच्यावर लादून तो त्याचा होत नाही. गेल्या तीन वर्षांतल्या विजेत्या किल्ल्यांपैकी निदान दोन आई-बाबांनी रात्री दोनपर्यंत जागून केले होते, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. (एकाच्या बुरुजावरचा हात तर माझ्याच ओळखीचा होता.) पुण्या-मुंबईच्या बाजारात दिवाळीला प्लास्टरचे तयार किल्ले मिळतात, त्यांना आपण हसतो. मग मुलाच्या नावावर बापाने केलेला प्रतापगड म्हणजे दुसरं काय?

तिसरा आक्षेप आमच्या एका ज्येष्ठ काकूंचा, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. त्या म्हणाल्या, "अरे, माती हातात घेण्यातच किल्ला होता. ओल्या मातीचा वास, नखात गेलेला चिखल. ते या विटांत कुठून येणार?" येणार नाही. ते गेलंच. देश सोडताना बरंच सुटलं, त्यात तेही.

तरीही नियम बदलावा असं माझं म्हणणं आहे. साहित्य कोणतंही चालेल. किल्ला महाराष्ट्रातला चालेल, मनातला चालेल, दुसऱ्या ग्रहावरचाही चालेल. अट दोनच गोष्टींची. सूचनापुस्तिकेवरून जोडलेला किंवा दुसऱ्याच्या रचनेची नक्कल करून मांडलेला नको, आणि कुणाची युक्ती उसनी घेतली असेल तर त्याचं नाव कार्डावर लिहायचं. आणि परीक्षकांनी टेबलासमोर बसून मुलाला विचारायचं, ही भिंत इथेच का? शत्रू कुठून येणार? पाणी कुठे साठवलंय? पळायची वाट कुठली? मराठीत सांगता आलं तर उत्तम, अडखळत सांगितलं तर जास्तच उत्तम. ज्याला चोरदरवाजा दाखवता येईल, त्याचा तो किल्ला. पुठ्ठ्याचा रायगड आणणाऱ्यालाही हेच प्रश्न.

समितीची बैठक दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी आहे. मी हा मसुदा मांडणार आहे. विरोध असेल त्यांनी अवश्य यावं, चहा मी आणतो.

लेख छापायला देण्याआधी त्या मुलीच्या आईला फोन करून परवानगी मागितली. त्या म्हणाल्या, नाव नको, बाकी चालेल. मग फोन तिच्याकडे दिला. ती आता तेराची आहे. मी माफी मागितली. तो हॉथचा किल्ला या वर्षी सगळ्यांना बघायला ठेवता येईल का, असंही विचारलं.

"काका, तो कधीच मोडला," ती म्हणाली. "पांढऱ्या विटा मला दुसऱ्या बिल्डसाठी हव्या होत्या."

"दुसरं काय करते आहेस?"

"ते नाही सांगणार. आधी रूल बदला."